आयर्लंडच्या वृत्तपत्रात चुकीचं छापून आलं तर दाद कुठे मागायची? तिथली माध्यमं, त्यांचे मालक आणि त्यांच्यावरची देखरेख

प्रश्न थोडक्यात असा आहे : डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या एका मराठी माणसाचं नाव तिथल्या एका दैनिकाच्या संकेतस्थळावर चुकीच्या माहितीसह आलं आहे. एक जण सांगतो, बदनामीचा दावा लाव. दुसरा म्हणतो, प्रेस कौन्सिलकडे जा. तिसरा म्हणतो, नवीन मीडिया कमिशन आलंय, त्यांना लिही. खरं कोणाचं? आणि ही माध्यमं आहेत तरी कोणाच्या मालकीची?

तिघांचंही खरं आहे, पण ही तीन वेगवेगळी दारं आहेत. प्रत्येक दाराची मुदत निराळी आहे आणि एका दारात थांबून राहिलात म्हणून दुसऱ्या दाराची मुदत थांबत नाही. म्हणून आधी तारखा. रेडिओ-टीव्हीवर तुमच्या लौकिकाला बाधा आणणारं चुकीचं विधान झालं असेल आणि उत्तर देण्याचा हक्क हवा असेल, तर प्रसारणापासून २१ दिवस. रेडिओ-टीव्हीबद्दलची साधी तक्रार असेल तर ३० दिवस. वृत्तपत्र किंवा वृत्त-संकेतस्थळाविरुद्ध प्रेस ओम्बड्समनकडे, म्हणजे प्रेस कौन्सिलच्या व्यवस्थेत तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं असेल तर ३ महिने. बदनामीचा दिवाणी दावा लावायचा असेल तर १ वर्ष, आणि न्यायालयाला कारण पटलं तरच जास्तीत जास्त २. हे सगळे दिवस मोजायचे ते मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून, तुमच्या नजरेस पडल्यापासून नव्हे. इंटरनेटवरच्या मजकुराबाबत बदनामीच्या कायद्यात तो पहिल्यांदा वाचता येण्याजोगा झाला तो दिवस धरतात. सहा महिन्यांनी कुणी लिंक पाठवली तर ओम्बड्समनचं दार तोवर बंद झालेलं असतं.

तुमचा मजकूर वृत्तपत्राचा आहे, त्यामुळे तुमचं पहिलं दार प्रेस ओम्बड्समनचं. मात्र हे दार इतकं सौम्य का आहे आणि तरीही वृत्तपत्रं त्याला का मानतात, हे कळण्यासाठी त्या देशाची ठेवण थोडी समजून घ्यावी लागेल.

आयर्लंडची लोकसंख्या २०२२च्या जनगणनेत जेमतेम साडेएक्कावन्न लाख भरली. एवढ्याशा बाजारात शेजारच्या ब्रिटनची वृत्तपत्रं त्याच भाषेत येऊन पडतात. आयरिश सन, आयरिश डेली मेल, आयरिश मिरर, संडे टाइम्सची आयरिश आवृत्ती ही सगळी लंडनच्या घराण्यांची अपत्यं आहेत. देशी म्हणावीत अशी मोठी घराणी दोनच. एक आयरिश टाइम्स : १८५९चं वृत्तपत्र, १९७४पासून एका ट्रस्टच्या ताब्यात, म्हणजे नफा वाटून घेणारा भागधारक त्यात नाही. २०१८ मध्ये त्याने कॉर्कचं आयरिश एक्झामिनर घेतलं आणि २०२४ मध्ये आरआयपी डॉट आयई हे निधनवार्तांचं संकेतस्थळ. ही दुसरी खरेदी बाहेरच्याला किरकोळ वाटेल. पण आयर्लंडमध्ये कुणाच्या अंत्यविधीला जायचं हे सकाळी उठून पाहण्याची रीत आहे, आणि पूर्वी जिल्हा-वृत्तपत्रांची चूल ज्या निधनवार्तांवर पेटायची, त्या आता तिथे जातात. छोट्या गावच्या साप्ताहिकांचा श्वास का कोंडतोय, हे या एका व्यवहारात दिसतं.

दुसरं घराणं आयरिश इंडिपेंडंटचं. १९०५पासूनचं दैनिक, सोबत संडे इंडिपेंडंट आणि बरीच प्रादेशिक साप्ताहिकं. डेनिस ओब्रायन हे उद्योगपती तिथले सगळ्यात मोठे भागधारक होते, आणि त्याच वेळी टुडे एफएम व न्यूजटॉक ही खासगी रेडिओ केंद्रंही त्यांच्याच कंपनीकडे होती. एवढ्या लहान देशात एकाच माणसाच्या हातात इतकं, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. २०१९ मध्ये बेल्जियमच्या मीडियाहाउस कंपनीने वृत्तपत्रांचा गट विकत घेतला आणि २०२१ मध्ये रेडिओ केंद्रं जर्मनीच्या बाउअरकडे गेली. एका मालकाची चिंता मिटली, पण मालकी देशाबाहेर गेली.

या वादातून एक चांगला कायदा मात्र निघाला. २०१४च्या स्पर्धा कायद्यानुसार माध्यम-कंपन्यांचं विलीनीकरण आधी स्पर्धा आयोगाकडे जातं आणि त्यानंतर मंत्र्याकडे. मंत्री ३० कामकाजाच्या दिवसांत एकच गोष्ट तपासतो : या व्यवहाराने मतांची आणि मालकीची विविधता कमी होते का? शंका आली तर प्रकरण सविस्तर चौकशीसाठी माध्यम नियामकाकडे धाडायचं. इंडिपेंडंट गटाला सेल्टिक मीडियाची सात प्रादेशिक प्रकाशनं घ्यायची होती. मंत्र्याने ते प्रकरण पुढे धाडलं आणि २०१७ मध्ये गटाने स्वतःच माघार घेतली. बंदीचा हुकूम निघाला नाही, चौकशीची शक्यता पुरेशी ठरली.

आता सरकारी प्रसारण. आरटीईचा रेडिओ १ जानेवारी १९२६ला सुरू झाला, दूरचित्रवाणी १९६१च्या शेवटच्या रात्री. आयरिश भाषेसाठी १९७२पासून रेडिओ ना गेल्ताख्ता आणि १९९६पासून आज टीजी फोर म्हणतात ती वाहिनी आहे. आरटीई परवाना-शुल्क आणि जाहिराती अशा दोन पायांवर उभी आहे. शुल्क २००८पासून वर्षाला १६० युरोच आहे. घरात दूरचित्रवाणी संच असेल तर तुम्ही आरटीई पाहा न पाहा, ते भरावं लागतं. फक्त लॅपटॉप किंवा फोनवर पाहणाऱ्याला लागत नाही. नव्याने गेलेल्या अनेक कुटुंबांचा इथेच गोंधळ होतो.

२२ जून २०२३ला आरटीईने स्वतःच जाहीर केलं, की रायन टब्रिडी या सर्वाधिक मानधनाच्या सादरकर्त्याला २०१७ ते २०२२ या काळात जाहीर आकड्यांपेक्षा एकूण ३,४५,००० युरो जास्त दिले गेले होते. चार दिवसांत महासंचालक डी फोर्ब्स यांनी राजीनामा दिला, संसदीय समित्यांपुढे सुनावण्या झाल्या, आणि लोकांनी शुल्क भरणं थांबवायला सुरुवात केली. मालवण तालुक्यातल्या वराडशी नातं सांगणारे लिओ वराडकर तेव्हा पंतप्रधान होते. शुल्क रद्द करून थेट सरकारी तिजोरीतून पैसा द्यावा, अशी शिफारस फ्यूचर ऑफ मीडिया कमिशनने २०२२ मध्येच केली होती. अहवालातल्या ५० शिफारशींपैकी सरकारने नाकारली ती हीच एक. अखेर जुलै २०२४ मध्ये शुल्क ठेवून वर तिजोरीची भर घालायचं ठरलं : २०२५ ते २०२७ या तीन वर्षांत शुल्क आणि तिजोरी दोन्ही मिळून ७२ कोटी ५० लाख युरो. माझं मत स्पष्ट आहे. तीन वर्षांची हमी दरवर्षीच्या मनधरणीपेक्षा नक्कीच बरी, पण तिजोरीची किल्ली शेवटी मंत्रिमंडळाकडेच राहते.

आणि मंत्रिमंडळ काय करू शकतं याचा इतिहास फार जुना नाही. प्रसारण कायद्याच्या ३१व्या कलमाखाली सरकार आरटीईला अमुक एक प्रसारित करू नका असा आदेश देऊ शकत असे. नोव्हेंबर १९७२ मध्ये एका सशस्त्र संघटनेच्या प्रमुखाच्या मुलाखतीचा वृत्तांत प्रसारित झाला, म्हणून सरकारने आरटीईचं अख्खं संचालक मंडळ बरखास्त केलं. पुढे त्या संघटनेशी जोडलेल्या सिन फेन पक्षाच्या प्रतिनिधींचा आवाज ऐकवण्यावर बंदी राहिली, ती थेट जानेवारी १९९४पर्यंत. त्याच काळात वृत्तपत्रं तीच माणसं, तीच विधानं छापू शकत होती. छापील माध्यमाला परवाना लागत नाही आणि प्रसारणाला लागतो, या एका फरकातून आयर्लंडमधली नियमनाची दोन वेगळी घरं उभी राहिली आहेत.

पहिलं घर वृत्तपत्रांचं. १९३७च्या आयरिश संविधानात अभिव्यक्तीचा हक्क आहे, पण त्याच संविधानाच्या ४०व्या अनुच्छेदात प्रत्येक नागरिकाच्या चांगल्या नावाचं रक्षण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. ‘चांगलं नाव’ हा तिथे घटनादत्त हक्क आहे. म्हणून तिथल्या वृत्तपत्राला खरा धाक कुठल्याही नियामकाचा नव्हता, तो होता हायकोर्टातल्या ज्युरीचा. इंडिपेंडंट गटाच्या एका सांजदैनिकाविरुद्ध २००९ मध्ये ज्युरीने १८ लाख ७२ हजार युरोंची भरपाई ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती साडेबारा लाखांवर आणली. २०१७ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने सांगितलं, की ज्युरीला रकमेबाबत पुरेसं मार्गदर्शन न मिळाल्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला. वृत्तपत्राबाहेरच्या एका खटल्यात तर २०१० मध्ये ज्युरीने १ कोटी युरो दिले होते, जे २०१९ मध्ये अपिलात अडीच लाखांवर आले. एक कोटी आणि अडीच लाख यांच्यामध्ये कुठेही आकडा पडू शकतो म्हटल्यावर लहान साप्ताहिकाचा संपादक बातमीच सोडून देतो. कुणी जाहीरपणे न घातलेली बंदी ती हीच.

दुसऱ्या बाजूला वृत्तपत्रांचं वागणंही निर्दोष नव्हतं. ऑक्टोबर २००५ मध्ये माजी खासदार लियम लॉलर यांचा मॉस्कोत मोटार-अपघातात मृत्यू झाला. सोबतच्या महिलेबद्दल एका रविवारच्या वृत्तपत्राने अत्यंत हीन आणि संपूर्ण खोटा तर्क छापला. त्या दुभाषी होत्या. लोकांचा संताप उसळला. आधीच २००३ मध्ये सरकारच्या सल्लागार गटाने कायद्याने स्थापलेली प्रेस कौन्सिल सुचवली होती, आणि २००६ मध्ये सरकारने बदनामी सुधारणा विधेयकाबरोबर खासगीपणाचं विधेयकही पुढे केलं. तेव्हा सौदा झाला. वृत्तपत्रांनी स्वतःच्या खर्चाने, पण स्वतंत्र बहुमत असलेली कौन्सिल उभारायची, आणि त्या बदल्यात बदनामीचा कायदा थोडा माणसाळवायचा. कौन्सिल २००७ मध्ये आली, ओम्बड्समनने १ जानेवारी २००८पासून तक्रारी घ्यायला सुरुवात केली, बदनामी कायदा २००९ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०१०ला लागू झाला. खासगीपणाचं विधेयक पुढे सरकलंच नाही.

या सौद्याची रचना फार विचारपूर्वक आहे. कौन्सिल कायद्याने निर्माण केलेली नाही, कायद्याने तिला फक्त मान्यता दिली आहे, आणि मान्यतेच्या अटी परिशिष्टात घातल्या आहेत : १३ सदस्य, त्यातले ७ जनतेच्या बाजूचे स्वतंत्र, ५ मालक-प्रकाशकांचे, १ पत्रकारांचा. पैसा सभासद प्रकाशनांच्या वर्गणीतून. भारताची प्रेस कौन्सिल १९७८च्या कायद्याने स्थापलेली आहे, त्यामुळे आपल्या वाचकाला हा फरक चटकन लक्षात येत नाही. आयर्लंडमध्ये कुठल्याही प्रकाशनावर सभासद होण्याची सक्ती नाही. तरी बहुतेक सगळे सभासद आहेत, याचं कारण कायद्याचं २६वं कलम. सार्वजनिक हिताच्या विषयावर वाजवी आणि न्याय्य रीतीने प्रसिद्ध केलेल्या मजकुराला ते बचाव देतं, आणि तो बचाव तपासताना न्यायालय पाहतं की प्रकाशनाने कौन्सिलच्या आचारसंहितेचं पालन केलं होतं का. म्हणजे संहिता पाळणं हीच वकिलाच्या हातातली ढाल. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांच्या वर्तनाबद्दल झालेल्या लेव्हसन चौकशीनंतर ज्या वृत्तसमूहांनी कायद्याचा स्पर्श असलेल्या नियामकाला कडाडून विरोध केला, त्यांच्याच आयरिश आवृत्त्या डब्लिनमध्ये या व्यवस्थेत मुकाट्याने सभासद होत्या. यापेक्षा बोलका पुरावा नाही.

आता तुमची तक्रार. ओम्बड्समनकडे थेट जाता येत नाही, आधी संपादकाला लिहायचं. पण त्याच्याही आधी पुरावा. संकेतस्थळावरचा मजकूर न सांगता बदलला जातो, म्हणून पूर्ण पानाचं चित्र तारीख-वेळेसह घ्या, पीडीएफ करा, वेब अर्काइव्हवर एक प्रत उतरवून ठेवा. छापील अंकही मिळवा, कारण छापील मथळा आणि संकेतस्थळावरचा मथळा पुष्कळदा वेगळा असतो. वृत्तपत्राच्या फेसबुक किंवा एक्सच्या नोंदीत तिसराच मथळा असू शकतो. कोणत्या आवृत्तीत छापलंय तेही पाहा : लंडनच्या घराण्याचा मजकूर ब्रिटिश आवृत्तीसाठी असेल तर तो ब्रिटनच्या नियामकाचा विषय. बेलफास्टचं प्रकाशन असेल तर उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये येतं, कायदाच वेगळा.

संपादकाला पत्र एका पानाच्या आत. बातमीचा मथळा, तारीख, लिंक. मग चुकीचं वाक्य जसंच्या तसं उद्धृत करा, त्याखाली ते का चूक आहे हे एका वाक्यात, आणि कागदाचा पुरावा. नंतर संहितेचं तत्त्व. एकूण ११ तत्त्वं आहेत. तुमच्या कामाची बहुधा ही : १ सत्य आणि अचूकता, २ वस्तुस्थिती आणि मत यांतला फरक, ३ प्रामाणिक आणि न्याय्य पद्धत, ५ खासगीपणा, ७ न्यायालयीन वृत्तांत, ८ पूर्वग्रह. मुलाचा संबंध असेल तर ९. शेवटी तुम्हाला काय हवंय ते नेमकं लिहा : दुरुस्ती, खुलासा, माफी की वाक्य काढून टाकणं. दुरुस्तीचा मसुदा स्वतःच दोन-तीन ओळींत देऊन ठेवा. संपादकाला तयार मजकूर मिळाला की काम निम्मं होतं.

एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो : याच पत्रात दाव्याची धमकी. तसं झालं की पत्र संपादकाच्या टेबलावरून वकिलाकडे जातं आणि वकील पहिली गोष्ट सांगतो, काही कबूल करू नका. वास्तविक २००९च्या कायद्याच्या २४व्या कलमानुसार माफी मागणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे, आणि न्यायालयात ती दोषाचा पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. हे कलम पत्रात सौम्यपणे आठवून द्यायला हरकत नाही. ते धमकीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर ओम्बड्समनच्या कार्यालयात तक्रार. खर्च शून्य, वकील लागत नाही. कार्यालय आधी मजकुराचा तुमच्याशी थेट संबंध आहे का ते पाहतं. दुसऱ्या कुणाबद्दलच्या बातमीने तुम्ही दुखावलात, हे पुरत नाही. मग दोघांमध्ये समेट घडवायचा प्रयत्न होतो आणि बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर ओम्बड्समन लेखी निर्णय देतो. त्यावर १० कामकाजाच्या दिवसांत कौन्सिलकडे अपील करता येतं, पण निर्णय आवडला नाही एवढ्यावर नव्हे. नवी महत्त्वाची माहिती, कार्यपद्धतीतली चूक किंवा तत्त्व लावण्यातली चूक दाखवावी लागते.

निर्णय फक्त मान्य किंवा अमान्य असा नसतो. तिसरा एक प्रकार आहे : चूक झाली होती, पण वृत्तपत्राने पुरेशी भरपाई करण्याची तयारी दाखवली होती. इथे तक्रारदार हमखास गोत्यात येतो. समेटाच्या वेळी वृत्तपत्र पाचव्या पानावर रीतसर दुरुस्ती द्यायला तयार असतं आणि तक्रारदार पहिल्याच पानाचा हट्ट धरतो. मग निर्णय येतो की देऊ केलेलं पुरेसं होतं, आणि हातात काही उरत नाही. संहितेची भाषा आहे तत्परतेने आणि योग्य ठळकपणे. ज्या जागी, जितक्या ठळकपणे चूक होती, त्या मापाने मागा. तेवढं मिळत असेल तर घ्या.

अमान्य होणाऱ्या तक्रारींचे ठरलेले प्रकार आहेत. स्तंभातलं कडवट मत, कारण मत मांडायला मुभा आहे, फक्त त्यातली तथ्यं खरी हवीत. न्यायालयात उघडपणे जे बोललं गेलं त्याचा अचूक वृत्तांत, मग तो तुम्हाला कितीही बोचो. आणि आठव्या तत्त्वाखाली केवळ ‘भारतीय’ असा उल्लेख केला म्हणून केलेली तक्रार. त्या तत्त्वाची पायरी उंच आहे : वंश, राष्ट्रीयत्व, धर्म यांवरून भावना गंभीरपणे दुखावण्याची किंवा द्वेष पसरण्याची शक्यता दाखवावी लागते. त्याऐवजी चुकीचं तथ्य दाखवता येत असेल तर पहिलं तत्त्व धरा.

हे दार दंड करत नाही, पैसे देत नाही. शिक्षा एकच : विरोधात गेलेला निर्णय त्या वृत्तपत्राला स्वतःच्या पानावर छापावा लागतो. लोकांना हे पोकळ वाटतं. मला वाटत नाही. पैशाचा दंड विमा कंपनी भरते, स्वतःच्या वाचकांसमोर चूक छापणं संपादकालाच करावं लागतं. मात्र निर्णय सार्वजनिक होतो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. नाव पुन्हा चर्चेत येऊ नये असं वाटत असेल तर तक्रार देतानाच कार्यालयाशी त्याबद्दल बोलून घ्या.

आणि न्यायालयात दावा दाखल केलात की ओम्बड्समन हात आखडता घेतो. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी हे दार, पण एक डोळा वर्षाच्या मुदतीवर.

दुसरं घर कमिशनचं. कॉमिशून ना म्यान, म्हणजेच सुरुवातीला आलेलं ते नवीन मीडिया कमिशन, १५ मार्च २०२३ला स्थापन झालं आणि जुनं प्रसारण प्राधिकरण त्यात विलीन झालं. हे कायद्याने स्थापलेलं आहे, दात असलेलं आहे, पण त्याचा अंमल रेडिओ, दूरचित्रवाणी आणि ऑनलाइन मंचांवर. वृत्तपत्राच्या बातमीबद्दल त्यांना लिहिलंत तर ते तुम्हाला परत पाठवतील आणि तुमचे दोन आठवडे जातील. रेडिओ-टीव्हीचं मात्र त्यांच्याकडेच : आधी केंद्राला ३० दिवसांत लेखी तक्रार, मग कमिशन. तिथे मोजमापही वेगळं आहे. वृत्तपत्राला स्वतःचं मत असू शकतं, प्रसारकाला बातम्यांत स्वतःचं मत मांडायला कायद्याने मनाई आहे, आणि राजकीय जाहिरात तर घेताच येत नाही.

समाजमाध्यमांच्या बाबतीत डब्लिनला जगावेगळं महत्त्व आलंय, कारण मेटा, गूगल, टिकटॉक, एक्स यांची युरोपची मुख्यालयं तिथे आहेत. १७ फेब्रुवारी २०२४पासून युरोपीय डिजिटल सेवा कायद्याची आयर्लंडमधली अंमलबजावणीही कमिशनकडे आहे. ऑनलाइन सुरक्षा संहिता मोडणाऱ्या व्हिडिओ-मंचाला २ कोटी युरो किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांतली मोठी रक्कम इतका दंड होऊ शकतो. तिथल्या भारतीयांसाठी हे कागदी राहिलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टाला भागात एका नवख्या भारतीय माणसाला जमावाने बेदम मारलं आणि त्याच्याबद्दल घाणेरडे, बिनबुडाचे आरोप समाजमाध्यमांवर फिरले. अशा मजकुरात प्रेस कौन्सिल काही करू शकत नाही. आधी त्या मंचाकडेच बेकायदा मजकूर म्हणून नोंद करायची, नोंदीचा क्रमांक जपायचा, गुन्हा असेल तर गार्दाकडे म्हणजे तिथल्या पोलिसांकडे जायचं, आणि मंचाने दाद दिली नाही तर कमिशनकडे. कमिशन एखादी नोंद खरी की खोटी हे ठरवत नाही, मंचाची तक्रार-यंत्रणा नीट चालते का ते पाहतं. ही अपेक्षा आधीच स्वच्छ असलेली बरी.

तिसरं दार न्यायालयाचं. भारतात बदनामी अजून फौजदारी गुन्हा आहे. आयर्लंडने २००९च्या कायद्याने तो रद्द केला, तेव्हा पोलिसांकडे अर्ज हा मार्ग नाही. ७५,००० युरोंपर्यंतचा दावा सर्किट कोर्टात चालतो, तिथे ज्युरी नसते आणि खर्च तुलनेने आटोक्यात राहतो. त्यावरचा हायकोर्टात. हरलात तर समोरच्याचा खर्चही बहुधा तुमच्यावर, हे वकिलाकडून आकड्यात लिहून घ्या. रकमांचा अंदाज आता बांधता येतो : २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पायऱ्या आखून दिल्या. सौम्य बदनामीला ५०,०००पर्यंत, त्यावरच्या टप्प्याला सव्वा लाखापर्यंत, अतिगंभीर प्रकरणात २ ते ३ लाख युरो. पैसा नको, नाव साफ हवं असेल तर २८व्या कलमाखाली सर्किट कोर्टाकडून फक्त एवढंच जाहीर करून मागता येतं, की विधान खोटं आणि बदनामीकारक होतं. हा मार्ग लोक विसरतात. हायकोर्टातली ज्युरी काढून टाकणं, २६व्या कलमाचा किचकट बचाव सोपा करणं आणि टीकाकारांना खर्चाने दमवण्यासाठी लावलेल्या दाव्यांना आळा घालणं, हे २०२४च्या सुधारणा विधेयकाचे मुद्दे आहेत. त्यातलं तुमच्या प्रकरणाला काय लागू होतं, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न. निनावी लिहिणाऱ्याची ओळख मिळवायची असेल तर न्यायालयाचा वेगळा हुकूम लागतो आणि तो स्वस्तात मिळत नाही.

दुरुस्ती मिळाली तरी काम उरतंच. बातमीच्या लिंकमध्ये जुन्या मथळ्याचे शब्द राहतात, शोधयंत्रात जुना सारांश दिसत राहतो, वृत्तपत्राच्या समाजमाध्यमांवरची नोंद तशीच असते आणि तीच बातमी उचललेली इतर संकेतस्थळं असतात. म्हणून समेटातच चार गोष्टी लिहून घ्या : मथळा आणि लिंक बदलणं, बातमीच्या वर दुरुस्तीची ओळ, समाजमाध्यमांवरची जुनी नोंद काढणं, आणि बातमी पुढे दिली गेलेल्यांना दुरुस्ती कळवणं. गूगलला जुना सारांश ताजा करण्याची विनंती तुम्ही स्वतःच करू शकता. शोध-निकालातून नावच वगळायचं असेल तर त्याचा अर्ज वेगळा, आणि गूगलने नाकारलं तर दाद डेटा प्रोटेक्शन कमिशनकडे मागायची. पण मूळ वृत्तपत्राने पत्रकारितेसाठी ठेवलेल्या मजकुराला विदा-संरक्षण कायद्याच्या ४३व्या कलमाची सूट मिळू शकते. तेव्हा बातमी तिच्या जागी राहील आणि नाव शोधल्यावर मात्र वर येणार नाही, इतपतच त्या अर्जातून निघू शकतं.